सरकारच्या वाट्याची अंडी

प्रति,
मा. गट विकास अधिकारी साहेब,
खाडीकाठ विकास गट,
(कुक्कुटपालन शाखा)

अर्जदार : पुतळाबाई हिरामण मढवी, वय ६७ वर्षे, धंदा घरकाम व कोंबड्या, राहणार मौजे बोनकोडे, जिल्हा ठाणे.

विषय : सरकारी कोंबड्यांची अंडी वाटल्यावरून ठेवलेला अपहाराचा ठपका काढून मिळणेबाबत, आणि कोंबड्या दि. ८ मार्चपर्यंत आहेत तिथेच राहू देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा हुकूम दि. १८ फेब्रुवारी १९६५. अर्जदारास दि. १९ रोजी सकाळी शिपायाहाती पोचला.

महोदय,

१. हा अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तिचे पती कै. हिरामण मढवी मिठागरावर कारकून होते. पावसाळ्यात मिठागर बंद पडले की बायकोला अक्षरे शिकवण्यावाचून त्यांना दुसरे काम नसे. त्यामुळे अंगठा उठवून मोकळे होण्याची सोय अर्जदाराला उरली नाही. गावात कोणाचे पत्र आले की ते तीच वाचून दाखवते. हा हुकूमही तिने स्वतः वाचला, तीनदा वाचला, आणि त्यातला 'अपहार' हा शब्द तिला चष्म्याशिवायही दिसला.

२. हुकमात तीन गोष्टी आहेत. पहिली, अर्जदाराला दिलेल्या दहा पांढऱ्या विलायती कोंबड्यांपैकी सहा तिच्या खुराड्यात नाहीत, सबब तिने त्या विकल्या असाव्यात. दुसरी, तिने सरकारची ८१६ अंडी फुकट वाटली, म्हणजे अडुसष्ट डझन, आणि डझनाला सव्वादोन रुपये या सरकारी दराने एकशे त्रेपन्न रुपयांचे नुकसान केले. तिसरी, उरलेली अंडी तिने संकलन केंद्रावर न घालता दारात चार वेगवेगळ्या भावांनी विकली. म्हणून सर्व कोंबड्या दि. २८ फेब्रुवारीस कार्यालयात आणून जमा कराव्यात. यातली अंड्यांची संख्या बरोबर आहे. ती अर्जदारानेच पर्यवेक्षक साहेबांना सांगितली. बाकीचे कसे घडले ते खाली लिहिते. अर्जदाराचे याआधीचे, दुसऱ्या कामांचे दोन अर्ज 'मुद्द्याचे तेवढेच लिहा' असा शेरा मारून परत आले. साहेब, मुद्दा लहान आहे, पण तो जुना आहे. त्याला मागून धरून आणल्याशिवाय तो पुढे येत नाही.

३. सन १९६३ च्या दिवाळीपाठोपाठ गटाची मोटार गावात आली आणि दहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, व एक कोंबडा अर्जदाराच्या पदरात घालून गेली. त्या वेळी एका छापील करारावर सही घेतली. करारात लिहिले होते : 'सदर पक्षी तीन वर्षेपर्यंत शासनाच्या मालकीचे राहतील. धारकाने त्यांचे खाणे, निवारा व निगा करावी.' अर्जदाराने हे वाचले आणि तिचा जीव भांड्यात पडला. तोवर तिला सरकारची भीती वाटत होती. वाचल्यावर कळले की सरकार आपल्यातलेच आहे, कोंबड्या अर्धेलीने देते आहे.

४. साहेब कदाचित घाटावरचे असतील, म्हणून अर्धेली म्हणजे काय ते सांगते. आमच्या खाडीकाठच्या गावांत कोंबडी एकीची आणि पाळणारी दुसरी, असे पूर्वीपासून चालत आले आहे. धनीण कोंबडी देते. पाळणारी दाणा घालते, घारीपासून आणि मुंगसापासून राखते. जे अंडे होईल, जे पिल्लू निघेल, त्यातले अर्धे धनिणीचे. कागद नाही, साक्षीदार नाही. पाळणारीने धनिणीच्या वाट्याचे अंडे विकायचे नाही आणि खायचेही नाही. ते वेगळ्या मडक्यात तुसावर ठेवायचे, धनीण येईल तेव्हा तिच्या पदरात घालायचे.

अर्जदार लग्न होऊन या घरी आली तेव्हा तिच्या सासूच्या सात कोंबड्या बंधाऱ्यापलीकडे इसाकभाईंच्या घरी अर्धेलीने होत्या. इसाकभाई अंड्यांचे व्यापारी. खाडीतून मचव्याने मुंबईला अंडी नेत. एकेक अंडे मुठीत धरून उन्हाकडे करायचे आणि आतली सावली बघून ताजे-शिळे सांगायचे. तेव्हा पैशाला एक अंडे होते, आणि तो पैसाही तांब्याचा, हातात धरला तर जाणवणारा. एका पावसाळ्यात सासूबाई आजारी पडल्या, तीन महिने वाटा आणायला गेल्या नाहीत. इसाकभाई स्वतः मडके घेऊन आले. त्यातली अंडी केव्हाच नासली होती. तरी ते म्हणाले, "बाय, वाटा तुझा हाय, फेकायचा तर तूच फेक." सासूबाईंनी ती अंडी मोजली आणि मग माडाच्या मुळाशी पुरली. त्या माडाला आजही नारळ लागतात. हे अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून लिहिले.

५. आता सहा कोंबड्यांविषयी. सर्व कोंबड्या एका दारी ठेवू नयेत, हाही आमच्याकडचा रिवाज. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मानमोडी आली होती. कोंबडी सकाळी मान वाकडी करून गोल फिरायची आणि दिवे लागेपर्यंत आडवी व्हायची. अर्जदाराच्या खुराड्यातली एकवीस डोकी तीन दिवसांत गेली. पण बंधाऱ्यापलीकडे ठेवलेल्या सात वाचल्या, आणि गावात पुन्हा कोंबडा आरवला तो त्यांच्या पिल्लांपैकी. म्हणून सरकारी दहा आल्या तशा अर्जदाराने चार आपल्याकडे ठेवल्या, तीन इसाकभाईंची मुलगी रहिमा हिच्याकडे दिल्या आणि तीन शेजारीण गंगू हिच्याकडे. दोघींना बजावून सांगितले की धनी सरकार आहे, अर्धा वाटा सरकारचा. गंगू हसून म्हणाली, "आजवर सरकार न्यायलाच आला. आता अर्धा ठेवून जातंय, म्हंजे सुधारला हाय." या कोंबड्या विकल्या नाहीत, त्यांची ठेव केली. सरकारचे बियाणे बुडू नये म्हणून केली.

६. फाल्गुनात तलंगा अंड्यावर आल्या. तिन्ही घरची मिळून सरकारच्या वाट्याची बेचाळीस अंडी साठली तेव्हा अर्जदाराने टोपलीत भाताचे तूस घातले, अंडी मांडली आणि टोपली डोक्यावर घेऊन आपल्या कार्यालयात आली. वाटेत एकही फुटले नाही. तिथे कारकून श्री. वामनराव यांनी विचारले, "आजी, विकायला आणलीत? काय भाव?" अर्जदाराने सांगितले की विकायला नाहीत, सरकारचा वाटा आणला आहे, मोजून घ्या. वामनरावांनी मोठे रजिस्टर उघडले, पुष्कळ पाने उलटली, आणि म्हणाले, "कोणत्या सदरात जमा करू? इथं अंड्यांचं सदर नाही." अर्जदाराने सदर नवीन काढायला सांगितले. त्याला वरची मंजुरी लागते, असे उत्तर मिळाले. ती टोपली घेऊन घरी परत आली.

आठ दिवसांनी पुन्हा गेली. मंजुरी आली नव्हती, साहेब दौऱ्यावर होते. चैत्रात तिसऱ्यांदा गेली. तोवर ऊन वाढले होते आणि टोपलीला वास येऊ लागला होता. कार्यालयातली सगळी मंडळी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. नाकाला धोतराचा सोगा लावून वामनराव म्हणाले, "आजी, हात जोडतो. सरकार अंडी खात नाही, सरकार कागद खातं. वाटून टाका गावातल्या गरजूंना सरकारच्या नावानं. म्हणजे विषय संपला." अर्जदाराने विचारले, हा हुकूम समजू का? ते म्हणाले, "समजा, समजा. पण आधी ती टोपली न्या." वामनराव मनुष्य वाईट नाहीत. त्यांनी त्या दिवशी अर्जदाराला पाणी दिले आणि मोटारीपर्यंत सोडायला शिपाई दिला. त्यांच्यावर तक्रार नाही. फक्त ते बोलले ते खरे होते एवढे त्यांनी आता आठवावे.

ती बेचाळीस अंडी अर्जदाराने पुरली. हुकमातल्या ८१६ मध्ये तीही धरली आहेत.

७. सरकारच्या नावाने वाटायचे तर कोणाला, हा प्रश्न अर्जदाराला पडला नाही. बाळंतिणीच्या घरी अंड्याचा भाव सांगू नये, हे सासूबाई आणि इसाकभाई दोघेही मानत. दोघांचे देव वेगळे होते, पण या बाबतीत त्यांचे कधी दुमत झाले नाही. तेव्हापासून बोनकोडे व बंधाऱ्यापलीकडची वस्ती मिळून एकोणीस बाळंतिणींना चाळीस दिवस रोज एक याप्रमाणे सरकारचे अंडे गेले. आठ मुली, अकरा मुलगे. सर्व हयात आहेत, आणि त्यांतला एकही सरकारचे नाव वाईट काढत नाही.

आता चार भावांचे. अर्जदाराने जे विकले ते स्वतःच्या अर्ध्या वाट्यातले विकले. गावातल्या घराला पंधरा पैसे. पाहुण्यारावळ्यांना मेजवानी घालणाऱ्याला वीस, कारण मेजवानी घालणारा घासाघीस करत नाही. कोळणीला पैसे नाहीत, दोन अंड्यांना मासळीचा एक वाटा. आणि आजारी माणसाला दहा. हुकमात म्हटले आहे की एका मालाचा एकच भाव असावा. अर्जदार साठ वर्षे अंडी विकते आहे, असा बाजार तिने अजून पाहिला नाही. संकलन केंद्रावर ती एकदा गेली होती. तिथे फळीला एक भोक पाडले आहे. भोकातून अंडे खाली पडले तर ते लहान, त्याला डझनाला दीड रुपया. न पडले तर मोठे. अर्जदाराची बारा अंडी पडली नाहीत, तेरावे अर्धे आत गेले आणि तिथेच अडकले. ते लहान की मोठे, यावर तिथले दोघे इसम ती तिथून निघेपर्यंत भांडत होते. त्या अंड्याचे पैसे मिळाले नाहीत, ते मागणेही नाही.

८. दि. ९ फेब्रुवारी रोजी पर्यवेक्षक साहेब तपासणीस आले. अर्जदाराच्या खुराड्यात चार कोंबड्या मोजून झाल्यावर तिने त्यांना रहिमाच्या घरी नेले. तिथल्या तीन कोंबड्या दिवसभर खाजणाच्या चिखलात चरतात, त्यामुळे त्या पांढऱ्या राहिलेल्या नाहीत, करड्या दिसतात. साहेब म्हणाले, या गावठी आहेत, सरकारी पांढऱ्या दाखवा. रहिमा म्हणाली, "सायेब, चिखुल हाय तो. थांबा, धुवून दावते." तिने एक कोंबडी धरून रिठ्याच्या पाण्यात घातली आणि घासघासून पांढरी करून साहेबांच्या पुढे ठेवली. कोंबडी थंडीने कुडकुडत उभी होती. साहेबांनी वहीत लिहिले : 'एक पक्षी ओला आढळला.' उरलेल्या दोन धुण्याआधीच त्यांच्या गाडीची वेळ झाली. गंगूच्या घरी ते आलेच नाहीत, लांबूनच बोट करून विचारले, तिथे काय आहे? अर्जदाराने सांगितले, तीन कोंबड्या आणि एक बाळंतीण.

९. साहेब, या अर्जाचा मुद्दा ती बाळंतीण आहे.

तिचे नाव कमळी. ती गंगूची सून. नवरा कान्हा तळोज्याकडे रस्त्याच्या कामावर असतो, शनिवारी घरी येतो. कमळीची याआधी दोन मुले सहा महिन्यांच्या आत गेली. दोन्ही वेळा तिला दूध आले नाही. या खेपेस दि. २७ जानेवारीस तिला मुलगा झाला. पहिले चार दिवस दूध नव्हते आणि गंगू दारातून उठत नव्हती. अर्जदाराने पहिल्या दिवसापासून रोज सकाळी सरकारच्या वाट्याचे अंडे नेले, तुपात परतून, मिरी घालून, स्वतः समोर बसून खाऊ घातले. तपासणीच्या दिवसापर्यंतची अशी चौदा अंडी हुकमातल्या ८१६ मध्ये आहेत. दूध अंड्याने आले की देवाच्या कृपेने, हे अर्जदार सांगू शकत नाही. पण पाचव्या दिवशी आले. कमळी रोज बोटावर मोजत असे. तेविसाव्या दिवशी ती म्हणाली, "आजी, सतरा उरली." चाळीस पुरी झाली की मूल वाचते, असे तिने मनाशी धरले आहे.

चोविसाव्या दिवशी आपला हुकूम आला. गावाच्या रीतीप्रमाणे तो अर्जदाराने ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. कोणाचेही पत्र आले की ती तसेच वाचते, स्वतःचे आले म्हणून गुपचूप वाचायचे हे तिला सुचले नाही. ही तिची चूक. ऐकणाऱ्यांत गंगू होती. तिने घरी जाऊन सांगितले. त्या सकाळी अर्जदार अंडे घेऊन गेली तेव्हा कमळीने ताटली बाजूला सारली आणि म्हणाली, "नको आजी. सरकार म्हणतंय चोरीचा हाय. चोरीचा अंडा माझ्या दुधात नको. दोन गेली माझी, ती बी काय चुकलं म्हणूनच गेली असतील." अर्जदाराने सांगून पाहिले, गंगूने शिव्या घालून पाहिले, कान्हाने शनिवारी येऊन समजावले. अर्जदाराने आपल्या गावठी कोंबडीचे अंडे नेले, तर तिने विचारले, "कशावरून हे सरकारचा नाय?" आज सात दिवस झाले. तिने एकही अंडे खाल्लेले नाही. नुसत्या पेजेवर आहे. परवापासून दूध कमी झाले आहे आणि मूल रडते. आधी ते रडत नसे.

१०. हुकूम आल्यावर अर्जदाराने करार पुन्हा काढला आणि प्रथमच त्याची मागची बाजू पाहिली. सही पुढच्या बाजूस होती म्हणून तिने पुढची बाजूच वाचली होती. कागदाला पाठ असते हे कारकुनाच्या बायकोला ठाऊक असायला हवे होते. मागे लिहिले आहे : 'पक्ष्यांपासून मिळणारी अंडी ही धारकाची राहतील व धारकाने ती संकलन केंद्रावर विकावी.' म्हणजे अर्धेली नव्हतीच. सगळी अंडी अर्जदाराची होती. तीन वेळा डोक्यावरून आणली तीही तिचीच, आणि एकोणीस जणींना सरकारच्या नावाने दिली तीही तिचीच.

असे असेल तर साहेबांनी न्याय करावा. अंडी धारकाची असतील, तर ती केंद्रावर न घातल्याचा दोष अर्जदाराला कबूल आहे, पण सरकारचे एकशे त्रेपन्न रुपये गेले कुठून? आणि अर्धी सरकारची असतील, तर सरकारने ती तीनदा दारातून परत पाठवली. जी वस्तू धन्याने घेतली नाही तिची चोरी कशी होते, हे अर्जदाराला साठ वर्षांच्या धंद्यात कळलेले नाही. करार पुढच्या बाजूने खरा की मागच्या, हे ठरवणे साहेबांकडे आहे. कोणत्याही बाजूने वाचला तरी कमळीच्या ताटलीतले अंडे चोरीचे निघत नाही.

११. सबब अर्जदाराची विनंती अशी की :

एकशे त्रेपन्न रुपये भरायचे असतील तर अर्जदार भरेल, महिन्याला दहा याप्रमाणे. याबद्दल ती वाद घालत नाही.

कोंबड्याही न्याव्यात. पण दि. २८ ला नव्हे, ८ मार्चला न्याव्यात. दि. ७ ला कमळीचे चाळीस दिवस पुरे होतात. दहाही कोंबड्या धुऊन, पांढऱ्या करून, कोंबड्यासह हजर केल्या जातील.

आणि तिसरी विनंती, जिच्यासाठी हा अर्ज. सोबत टोपलीत सात अंडी आणली आहेत. ही दि. १९ पासून आजपर्यंत कमळीने परत केलेली. ताजी आहेत, उन्हाकडे धरून पाहावीत. ती सरकारची असतील तर साहेबांनी मोजून घ्यावीत आणि पावती द्यावी. या वेळी सदर नाही म्हणून चालणार नाही, कारण हुकमात अंड्यांची किंमत लिहिलेली आहे. सरकारची नसतील, तर तसे एका ओळीत लिहून, सही-शिक्क्यानिशी, टोपलीबरोबर परत करावे. मोठे पत्र नको. 'ही अंडी चोरीची नाहीत' एवढेच पुरे. अर्जदार ते ओट्यावर बसून वाचेल, हुकूम वाचला तितक्याच मोठ्या आवाजात, म्हणजे गंगूच्या घरात आतपर्यंत ऐकू जाईल.

उत्तर टपालाने पाठवू नये. टपालाला चार दिवस लागतात. अर्जदार आपल्या व्हरांड्यात बसली आहे.

आपली नम्र, बाहेर बसलेली,

पुतळाबाई हिरामण मढवी
दि. २५ फेब्रुवारी १९६५

सोबत :
(१) कराराचा कागद. कृपया दोन्ही बाजू पाहाव्यात.
(२) एकोणीस बाळंतिणींची यादी, त्यांच्या मुलांच्या नावांसह. विसावे नाव अजून ठेवलेले नाही, बारशाला कमळी नको म्हणाली, म्हणून तिथे जागा सोडली आहे.
(३) अंडी, नग सात.
(४) टोपली, नग एक. ही रहिमाची आहे, परत मिळावी.